भिंत एक, चेहरा एक: इस्रोचं नक्की काय काढायचं?

विट्याचा_मास्तर (रविवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. विट्याच्या पुढं घाटमाथ्यावर एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सातवीपर्यंत वर्ग. यंदा ग्रामपंचायतीनं दोन भिंती रंगवायला पैसे दिलेत. एकीवर पाढे. दुसरी पटांगणाकडची, दहा फूट बाय सात फूट, तिची 'इस्रोची भिंत' करायची असं ठरलंय. ठरलं म्हणजे सरपंचांनी भाषणात जाहीर करून टाकलं, आणि मजकूर द्यायचं काम माझ्या गळ्यात.

पेंटर म्हणतो, रॉकेट असंच काढून देतो, चेहऱ्याचे पैसे वेगळे. आणि आमच्याकडं पैसे आहेत एकाच चेहऱ्यापुरते. (त्याचे चेहरे कसे येतात ते विचारू नका. खालचं नाव वाचलं की ओळख पटते.) सगळे म्हणतात, कलामसाहेबांचा काढा आणि मोकळे व्हा. माझा विरोध नाही. पण 'कलामसाहेब इस्रोचे अध्यक्ष कधीच नव्हते' असं मी बोलून गेलो आणि स्टाफरूममध्ये जणू मीच काहीतरी चोरलंय असं वातावरण झालं.

त्यात सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, रॉकेट उडतं श्रीहरिकोट्याला. मग चांद्रयान उतरलं तेव्हा टाळ्या वाजवणारी माणसं बंगळूरला का बसली होती?" मी 'तिथं ऑफिस आहे' म्हणून वेळ मारून नेली. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

तर भिंतीवर चेहरा कुणाचा, आणि त्या पोरीला काय सांगू?

पेढेवाले_भाऊजी (रविवार, रात्री ९.२०)

पेंटरचा स्वतःचाच काढा. खाली काहीही नाव टाका.

राजवाडा_कट्टा (रविवार, रात्री ९.५१)

मास्तर, विक्रम साराभाई. दुसरा विचारच नको. १९६२ साली अंतराळ संशोधनाची समिती स्थापन झाली, २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, १५ ऑगस्ट १९६९ ला इस्रो. आणि ३० डिसेंबर १९७१ ला माणूस गेला, वय अवघं ५२. स्वतःचा एकही उपग्रह आकाशात पाहायला मिळाला नाही त्यांना.

मी तेव्हा साताऱ्यात शाळेत होतो. आमच्या गुरुजींनी रेडिओवरची बातमी फळ्यावर लिहिली होती. 'साराभाई' म्हणजे आम्हाला कापड गिरणीवाले वाटायचे. तसे ते होतेच म्हणा, घराणं गिरणीमालकांचं.

रेवती_स (रविवार, रात्री १०.३४)

मूळची कोरेगावची, पंधरा वर्षं बंगळूरमध्ये. इस्रोत नाही, पण घरातलं माणूस त्या क्षेत्रात आहे, म्हणून थोडं लिहिते.

मास्तर, त्या मुलीचा प्रश्न फार नेमका आहे. श्रीहरिकोटा म्हणजे एसटी स्टँड. गाडी तिथून सुटते. पण गाडी बांधतात दुसरीकडे, इंजिन तपासतात तिसरीकडे, आणि सुटल्यावर ती कुठे पोचली हे बघणारा कंट्रोलर चौथीकडे बसतो.

रॉकेटचं मूळ घर तिरुवनंतपुरम, विक्रम साराभाई अंतराळ केंद्र. द्रव इंधनाची इंजिनं त्याच शहराजवळ वलियमलाला आकार घेतात आणि तमिळनाडूत महेंद्रगिरीच्या डोंगरापायथ्याशी पेटवून पाहतात. उपग्रह जोडतात बंगळूरला, यू. आर. राव उपग्रह केंद्रात. त्यातले बरेचसे कॅमेरे आणि संदेशवहनाची यंत्रं येतात अहमदाबादहून. सगळं श्रीहरिकोट्याला एकत्र येतं आणि उडतं. उड्डाणाच्या टाळ्या श्रीहरिकोट्यातल्याच असतात बरं का. पण यान रॉकेटपासून सुटलं की सूत्रं जातात बंगळूरच्या पीण्यातल्या 'इस्ट्रॅक' या नियंत्रण केंद्राकडे. २३ ऑगस्ट २०२३ ला आपण टीव्हीवर पाहिली ती माणसं तिथली. चंद्राशी बोलायला लागते ती ३२ मीटर व्यासाची मोठी तबकडी शहराबाहेर ब्यालालूला आहे. दळणवळणाचे उपग्रह सांभाळतात कर्नाटकातल्या हसनला आणि भोपाळला. उपग्रहांनी काढलेली जमिनीची चित्रं उतरतात हैदराबादजवळ शादनगरला.

म्हणून मी म्हणेन चेहरा नकोच, नकाशा काढा. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा.

तासगावचा_बागायतदार (रविवार, रात्री ११.०२)

रेवतीताई, हसनचं वाचून उडालोच. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की रात्री दोन-दोनदा उठून आम्ही मोबाईलवर इन्सॅटचा ढगांचा फोटो बघतो. घड फुलोऱ्यात असताना पाऊस आला तर घडकूज, दावण्या, सगळं एकदम येतं. फोटोत अरबी समुद्राकडून पांढरा पट्टा सरकताना दिसला की पहाटे तीनला फवारणीचा ब्लोअर जोडायचा. अर्ध्या तासानं नवा फोटो येतो. तो अर्धा तास कसा जातो ते बागवाल्यालाच ठाऊक. आजवर वाटायचं हे पुण्याला हवामान खात्यात बसूनच कुणीतरी चालवतंय.

रेवती_स (रविवार, रात्री ११.१५)

@तासगावचा_बागायतदार, अंदाज हवामान खात्याचाच. पण उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर आपल्या जागी नीट उभा आहे ना, तोंड बरोबर आपल्याकडे आहे ना, हे सांभाळणारी माणसं हसनची. इन्सॅट-३डीएस हा हवामान उपग्रह १७ फेब्रुवारी २०२४ ला गेला.

तासगावचा_बागायतदार (रविवार, रात्री ११.१८)

त्यांना एक पेटी माणिकचमन पाठवायला पाहिजे.

पेढेवाले_भाऊजी (रविवार, रात्री ११.१९)

पाठवा, आणि त्यातही औषधाचा रेसिड्यू तपासून घ्या. लोक शास्त्रज्ञ आहेत.

कृष्णाकाठ (सोमवार, सकाळी ७.४०)

एक बाळबोध प्रश्न. रॉकेट सोडायला आंध्रापर्यंत जायचं कशाला? आपलं रत्नागिरी काय वाईट आहे? समुद्र आहे, माणसं कमी आहेत, आंबा घाटातून तीन-चार तासांत आपणच बघायला गेलो असतो.

रेवती_स (सोमवार, सकाळी ८.५५)

बाळबोध अजिबात नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. धावत्या एसटीतून उडी मारताना गाडीच्या दिशेनं मारली तर तिचा वेग आपल्याला मिळतो, उलट मारली तर तोंडावर आपटतो. श्रीहरिकोट्यावरून पूर्वेला झेप घेतली की सेकंदाला साधारण साडेचारशे मीटर वेग फुकटात मिळतो, आणि खाली बंगालचा उपसागर. रिकामे टप्पे पाण्यात पडतात. रत्नागिरीहून पूर्वेला सोडलं तर पहिला टप्पा कुणाच्या शेतात पडेल?

तासगावचा_बागायतदार (सोमवार, सकाळी ९.०१)

माझ्याच. नशीबच तसं आहे.

राजवाडा_कट्टा (सोमवार, सकाळी ९.३०)

पण थुंबा तर पश्चिम किनाऱ्यावर आहे की! तिथून कसं उडवलं मग?

नायडूपेठकर_गलाई (सोमवार, दुपारी १२.१०)

राम राम मंडळी. खानापूर तालुक्यातलाच, पण जन्म, शाळा सगळं बाहेर. आमचं घराणं गलाईचं. आजोबा त्रिवेंद्रमला चाला बाजारात सोनं गाळायचे, वडील आणि चुलते नंतर आंध्रात नायडूपेठेला आले. दोन्ही गावं रॉकेटवाल्यांची निघाली, हा योगायोग आज पहिल्यांदा लक्षात आला.

थुंब्याचं सांगतो. तिथली रॉकेटं उपग्रह सोडायची नव्हती. सरळ वर जायची, वरच्या हवेची मोजमापं घ्यायची आणि समुद्रात पडायची. त्या गावावरून पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्ताची रेषा जाते, म्हणून साराभाईंना तेच गाव पाहिजे होतं. तिथं मेरी मॅग्डलीनचं चर्च होतं. बिशप पीटर बर्नार्ड परेरांनी गावकऱ्यांना समजावून चर्च आणि आजूबाजूची जागा दिली. सुरुवातीचं ऑफिस चर्चमध्येच. आज तिथं रॉकेटांचं संग्रहालय आहे, आजोबांनी मला दाखवलं होतं. मोठेपणी तिथलं रॉकेट आठवत नाही, पण आजोबांनी बाहेर चपला काढल्या होत्या ते आठवतंय.

आणि नायडूपेठेला आमच्या दुकानाची गच्ची म्हणजे पहिल्या रांगेचं तिकीट. रात्रीचं उड्डाण असलं की आग्नेयेला एकदम पहाट होते. आधी उजेड. मग आम्ही बोलत राहतो, आणि दीड-दोन मिनिटांनी आवाज पोचतो, पोटात घुमल्यासारखा. शटर थरथरतं. चुलते अजून दर वेळी मुशीखालचा विस्तव कमी करून वर येतात.

२०२५ च्या १८ मे ला पहाटे सहाच्या सुमाराला पीएसएलव्ही रॉकेट गेलं. आम्हाला तर झकास दिसलं. चहा प्यायला खाली आलो तर टीव्हीवर इस्रोचे अध्यक्ष नारायणनसाहेब सांगत होते, तिसऱ्या टप्प्यात बिघाड झाला, मोहीम पूर्ण होऊ शकली नाही. चुलते एवढंच म्हणाले, "सोनं मुशीत चांगलं दिसतंय म्हणून चोख नसतं."

विट्याचा_मास्तर (सोमवार, दुपारी १.०५)

@नायडूपेठकर_गलाई, तुम्ही तर गाववाले! माझ्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचे वडील गलाईला बाहेर आहेत. त्या पोरीचेही, नेल्लूरकडं कुठंतरी. मग तिनं तो प्रश्न का विचारला ते आत्ता कळलं. तिनं टीव्हीच्या आधी गच्चीवरनं बघितलेलं असणार.

कुपवाड_खराद (सोमवार, दुपारी ३.२२)

सगळे शास्त्रज्ञांचे चेहरे काढायला निघालेत. आम्ही कुठं?

बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात होतो (नाव घेत नाही). रॉकेटच्या मोटरच्या आवरणाला लागणाऱ्या एका रिंगचं काम आलं होतं. पोलाद मॅरेजिंग नावाचं. साधं टूल लावलं तर टूलच बोथट. प्रत्येक तुकड्यावर त्याचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा क्रमांक) ठोकलेला, तुकडा कापला की नंबर दुसऱ्या तुकड्यावर उतरवायचा, तोही तपासनिसासमोर. तीन दिवस खपून केलेली रिंग त्यानं हातातल्या बॅटरीच्या उजेडात तिरकी धरली, बोटाचं नख फिरवलं आणि बाजूला ठेवली. नखाला अडकेल एवढा ओरखडा! मी डोळे फाडून बघितलं तरी दिसेना. शिव्या घातल्या मनातल्या मनात. नंतर कळलं की आतला दाब तिथंच पहिल्यांदा भेग पाडतो.

मालकाला पैसे मिळायला इतका उशीर झाला की पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा साखर कारखान्याचे रोलर घेतले. पण शेवटी एक रिंग पास झाली त्या दिवशी त्यानं सगळ्यांना वडापाव दिला होता.

सांगायचं म्हणजे रॉकेट फक्त इस्रोच्या केंद्रात होत नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला बूस्टरची आवरणं होतात, विक्रोळीला गोदरेजमध्ये विकास इंजिन होतं. नकाशा काढणार असाल तर हे दोन ठिपकेही टाका. 'महाराष्ट्रात इस्रोचं काही नाही' म्हणून रडणाऱ्यांना दाखवायला बरे पडतील.

कृष्णाकाठ (सोमवार, दुपारी ३.४०)

पण इस्रोचं केंद्र म्हणून महाराष्ट्रात एकही नाही हे खरंच की. आणि अध्यक्ष? अकरा जणांत एकही मराठी नाही.

राजवाडा_कट्टा (सोमवार, सायंकाळी ५.१०)

नागपूरला हैदराबादच्या सुदूर संवेदन केंद्राची प्रादेशिक शाखा आहे. लहान असली तरी आहे. आणि अध्यक्ष नसले तरी मराठी माणसं पायाभरणीतच आहेत. एकनाथ चिटणीस, आपल्या शेजारचे, कोल्हापूरचे. साराभाईंचे उजवे हात. रॉकेट सोडायची जागा हुडकण्यापासून होते. अमेरिकेचा उपग्रह वापरून १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला, त्या प्रयोगातही ते पुढं होते. २०२५ च्या ऑक्टोबरात गेले, शंभरी पूर्ण करून. प्रमोद काळे पुण्याचे, नासात प्रशिक्षण घेतलेल्या पहिल्या तुकडीतले, पुढं तिरुवनंतपुरमच्या केंद्राचे संचालक. वसंतराव गोवारीकर त्याच खुर्चीवर त्यांच्या आधी. घन इंधन हा त्यांचा विषय, आणि लोकांच्या लक्षात राहिले मान्सूनच्या अंदाजासाठी.

चिटणीसांचा चेहरा काढा मास्तर. माझं मत बदललं.

पेढेवाले_भाऊजी (सोमवार, सायंकाळी ५.१४)

सांगली जिल्ह्यातल्या भिंतीवर कोल्हापूरकर? ग्रामपंचायत बरखास्त होईल.

हरिपूरची_संध्या (सोमवार, रात्री ८.२५)

पुरुषच पुरुष आठवतायत सगळ्यांना. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता, मोहीम संचालक रितू करिधाल. चांद्रयान-३ मध्ये कल्पना के. उपप्रकल्प संचालक. सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ निगार शाजींनी सांभाळलं. अध्यक्षाच्या खुर्चीवर बाई अजून बसलेली नाही. भिंत मुलीच बघणार आहेत ना?

दुसरं, २०१९ च्या पुरात आम्ही पाच दिवस माळ्यावर होतो. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, वरून ढग हटत नव्हते. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगाखालचं काय दिसणार? रडारवाला असेल तर दिसतं, त्याला ढग आणि रात्र दोन्ही अडवत नाहीत. २०२५ च्या जुलैत नासाबरोबरचा 'निसार' सोडला तो तसलाच, दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा बघतो. चंद्र ठीक आहे. पण आमच्याकडं कुणी इस्रो म्हटलं की मला आधी तो पूर आठवतो.

शिवसागर (सोमवार, रात्री ९.४८)

कौतुक चालू द्या, पण एक बाजू राहून गेली. श्रीहरिकोटा रिकामं बेट नव्हतं. तिथं यानादी लोक राहत होते. जंगलावर, पुलिकतच्या मासळीवर पोट असलेले. केंद्र आलं आणि त्यांना उठावं लागलं. आमच्या आजीचं घर कोयनेच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसतो. राज्याला वीज मिळाली हे मला मान्य आहे, मी तीच वापरून हे टंकतोय. पण धरणाच्या भिंतीवर साहेबांचं नाव कोरतात, आजीचं नाही.

राजवाडा_कट्टा (सोमवार, रात्री १०.०५)

शिवसागर, मुद्दा बरोबर. पण पाचवी-सातवीच्या पोरांच्या भिंतीवर हे कुठं बसवायचं?

शिवसागर (सोमवार, रात्री १०.११)

बसवा म्हणत नाही. शिकवताना सांगा म्हणतोय.

विवेकी_सातारकर (सोमवार, रात्री ११.३०)

उड्डाणाआधी अध्यक्ष सुळ्ळूरपेठेच्या चेंगाळम्मा देवीला जातात, मोहिमेची चिमुकली प्रतिकृती तिरुपतीला नेतात. दाभोलकरांच्या साताऱ्यात राहून मला हे बघवत नाही. तेही भिंतीवर काढणार का?

कुपवाड_खराद (मंगळवार, सकाळी ६.५०)

मी पण सकाळी मशीनला उदबत्ती लावतो. पण मापाला मायक्रोमीटरच लावतो.

विवेकी_सातारकर (मंगळवार, सकाळी ७.३०)

तुम्ही ती सरकारी पदावरून लावत नाही, हा फरक आहे.

पेढेवाले_भाऊजी (मंगळवार, सकाळी ७.३५)

हा धागा इथून तीनशे प्रतिसादांवर जाणार. मी चहा टाकतो. मास्तर, तुम्ही भिंतीचं बघा.

रेवती_स (मंगळवार, सकाळी १०.४०)

भाऊजींचं ऐकून मूळ विषयावर येते. चेहराच काढायचा असेल तर माझं मत सतीश धवन.

ती १९७९ ची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १० ऑगस्टला एसएलव्ही-३ रॉकेट समुद्रात गेलं, प्रकल्प कलामांचा, पत्रकारांसमोर बसून जबाबदारी घेतली धवनांनी. पुढच्या वर्षी १८ जुलैला ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला तेव्हा बोलायला कलामांना पुढे केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून त्या गोष्टीचा चोथा झालाय, आणि वाचणाऱ्याला वाटतं धवन म्हणजे फक्त दिलदार साहेब.

मला त्यांचं वेगळंच काम मोठं वाटतं. साराभाई गेल्यावर मधले काही महिने एम. जी. के. मेनन यांनी कारभार पाहिला आणि १९७२ मध्ये धवन आले. आधी अमेरिकेत होते, 'मी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपदही सोडणार नाही' म्हणाले. मुख्यालय बंगळूरला आलं ते त्यांच्यामुळे. (मास्तर, टाळ्यांच्या उत्तराचा हा दुसरा भाग.) त्याच वर्षी अंतराळ आयोग आणि अंतराळ विभाग झाले, विभाग थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. इस्रोचा अध्यक्ष तोच विभागाचा सचिव आणि तोच आयोगाचा अध्यक्ष. त्यामुळे फाईल टेबलाटेबलावर फिरत बसत नाही. बारा वर्षं धवन त्या खुर्चीवर होते. आणि काही बिघडलं की सगळ्यांना एकत्र बसवून कारण खणून काढायचं, हाताखालच्यानं साहेबाची चूक दाखवली तरी चालेल, ही पद्धत मुरली ती त्याच काळात.

ती पद्धत अजून दिसते. चांद्रयान-२ चं विक्रम लँडर २०१९ मध्ये चंद्रावर आपटलं. पुढच्या वेळी, चांद्रयान-३ ला, तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांच्या टीमनं 'काय काय बिघडू शकेल' याची यादी करून तिथूनच आखणी केली. पाय मजबूत केले, मधलं पाचवं इंजिन काढून टाकलं, उतरायची जागा अर्धा किलोमीटर बाय अर्धा किलोमीटर होती ती चार बाय अडीच किलोमीटरच्या आसपास नेली.

तासगावचा_बागायतदार (मंगळवार, दुपारी १२.३०)

बागेतही असंच पाहिजे. आमच्याकडं घड गेला की औषधवाला म्हणतो पाऊस, पाऊसवाला म्हणतो औषध.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी १२.५८)

मंजूर. पण बैलगाडी पाहिजेच भिंतीवर. उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला तो फोटो. गरिबीतून वर आलो हे पोरांना कळलं पाहिजे. शिवाय आमच्या भागात शर्यतीची खोंडं म्हटलं की सरपंच जादा पैसे देतील.

रेवती_स (मंगळवार, दुपारी १.२०)

काढा, पण गरिबी म्हणून नको. तो १९८१ चा 'अ‍ॅपल' उपग्रह. अँटेनाची चाचणी उघड्यावर घ्यायची होती आणि आजूबाजूला लोखंड नको होतं, लहरींचा घोळ होतो. लाकडी गाडी हा हुशारीचा इलाज होता. सायकलवरून नेलेला रॉकेटचा भाग थुंब्याचा, तो खरा कडकीतला.

कृष्णाकाठ (मंगळवार, दुपारी १.२४)

आयला! चाळीस वर्षं बैलांना गरीब समजत होतो.

नायडूपेठकर_गलाई (मंगळवार, रात्री ८.०५)

मास्तर, पोरांना घेऊन एकदा याच. श्रीहरिकोट्याला उड्डाण बघायला गॅलरी केलीय, आधी ऑनलाईन नाव नोंदवावं लागतं. चेन्नईहून लोकलनं सुळ्ळूरपेठ, तिथून पुलिकतच्या पाण्यातून रस्ता. थंडीत आलात तर दोन्ही बाजूंना रोहित पक्षी. मुक्कामाची चिंता करू नका, सुळ्ळूरपेठेपासून गुडूरपर्यंत दर बाजारात आपला एक तरी गलाईवाला निघेल. दिवस मात्र जास्तीचे धरा, उड्डाण पुढं ढकललं जातं आणि परतीची तिकिटं वाया जातात.

विट्याचा_मास्तर (नऊ दिवसांनी, गुरुवार, रात्री ९.३०)

मंडळी, उशीर झाला. भिंतीचं काम सुरू झालंय, ठरलं ते सांगतो.

नकाशाच काढतोय. शिडी लावून मी आणि सातवीचा वर्ग, खडूनं भारत आखला. पेंटर अक्षराप्रमाणे पैसे घेतो, त्यामुळं 'तिरुवनंतपुरम' ऐकल्यावर खूश आणि 'हसन' ऐकल्यावर नाराज. वालचंदनगर आणि विक्रोळी टाकलेत, @कुपवाड_खराद. थुंब्याच्या ठिपक्याशेजारी चर्च, ब्यालालूशेजारी तबकडी. संध्याताई, तबकडीखाली वनिता, रितू, कल्पना आणि निगार ही चार नावं आहेत, ती पोरींनी स्वतः लिहिली, पेंटरला हात लावू दिला नाही. बैलगाडी आहे. बैल जरा शर्यतीचे झालेत.

शिवसागर, यानादींचं मी वर्गात सांगितलं. एक पोरगा म्हणाला, आमचं पण वावर कॅनॉलात गेलंय. पुढचा तास त्यावरच गेला.

चेहऱ्याची गंमत झाली. मी धवनांचा फोटो दिला. सरपंच म्हणाले, कलामसाहेब नसतील तर उद्घाटनाला कोण येणार? तेवढ्यात पेंटर म्हणाला, कलामसाहेबांचे पैसे नकोत, ते केस मला पाठ आहेत, डोळे मिटून काढतो. म्हणजे कलामसाहेब फुकट आणि धवन पैसे मोजून, दोघंही शेजारी शेजारी आले. धवन थोडे आमच्या केंद्रप्रमुखांसारखे दिसतायत. पण नाव खाली आहे.

त्या पोरीला टाळ्यांचं सांगितलं. श्रीहरिकोट्याहून पीण्याला रेघ तिनंच ओढली. मग विचारलं, "सर, नायडूपेठ कुठं येतं?" श्रीहरिकोट्याच्या वर खडूनं एक ठिपका दिला तिनं. पेंटर म्हणाला, हा कसला? ती म्हणाली, गच्ची.

नायडूपेठकर_गलाई (गुरुवार, रात्री ९.४२)

फोटो टाका हो मास्तर. चुलत्यांना दाखवायचाय.

कुपवाड_खराद (गुरुवार, रात्री ९.५०)

मास्तर, भिंत पटांगणाकडची म्हणालात. पन्हळीचं पाणी पायथ्याला पडतं का? तसं असेल तर खालच्या दीड-दोन फुटांत काही काढू नका. जूनमध्ये ओल चढते, दिवाळीपर्यंत पोपडे निघतात.

विट्याचा_मास्तर (गुरुवार, रात्री ९.५८)

अरे देवा. खालच्या दीड फुटात थुंबा, तिरुवनंतपुरम, महेंद्रगिरी, सगळी इंजिनं तिथंच.

पेढेवाले_भाऊजी (गुरुवार, रात्री ९.५९)

वरती काश्मीरच्या डोक्यावर किती जागा उरलीय?

विट्याचा_मास्तर (गुरुवार, रात्री १०.०३)

दोनेक फूट आहे. अजून नुसती आखणीच झालीय, रंग रॉकेटला आणि चेहऱ्यांनाच लागलाय. उद्या पेंटर यायच्या आत पोरांना घेऊन भारत दीड फूट वर सरकवतो.